पारीवरची सायकल

उशिरा पिकणारं भारी धान कापायला आलं की भंडाऱ्याच्या हवेला एक वास येतो. ओल्या तणसाचा, दवाचा, बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला धुमसत राहिलेल्या शेकोटीचा. आता कापणी यंत्रानं होते, एका दिवसात शेतं मोकळी होतात, पण वास तोच आहे. माझं घर आता शहरात, तिसऱ्या मजल्यावर आहे. तरी या दिवसांत पहाटे नदीकडचं धुकं खिडकीच्या फटीतून आत आलं, की अंथरुणात पडल्या पडल्या माझे पाय हलायला लागतात. एक खाली, एक वर. शेजारी झोपलेले हे विचारतात, "निघाली का शाळेत?" मी म्हणते, "हो, पारीपर्यंत पोचली." ते हसून कूस बदलतात. मला हसू येत नाही. पारीपाशी आले की माझे पाय आपोआप थांबतात आणि मी कान देऊन ऐकत राहते.

तलावाच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. मी सांगते आहे ती पार मोहटोल्याच्या अलीकडची. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि मधून बैलगाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता.

मी मूळची कारध्याची. नदीच्या त्या तीरावर भंडारा, या तीरावर आम्ही. बाबांचं लहानसं किराणा दुकान होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, दिवाळी नुकतीच झाली होती, आणि मला मोहटोल्याच्या प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली. घरातली पहिली नोकरी. आईनं देवापुढे साखर ठेवली, नमस्कार केला आणि वळून पहिला प्रश्न विचारला, "जासीन कशी वो?"

एसटी फाट्यापर्यंतच जायची, तीही दुपारी. कापणीच्या दिवसांत पोरं दुपारची शेतावर लागत, म्हणून हेडमास्तरांनी शाळा सकाळची करून टाकली होती. गावात खोली घेऊन राहावं, तर आई ऐकायला तयार नव्हती. "लगन नाई झालेली पोरगी परक्या गावात एकटी ठेवू काय?" राहता राहिली सायकल.

बाबांनी भंडाऱ्यातल्या एका दुकानातून जुनी लेडीज सायकल आणली. हिरव्या रंगाची. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, पुढे पिशवी अडकवायला आकडा. चैनीवरचं पत्र्याचं कव्हर एका जागी आत चेपलेलं होतं. पायडलचा दांडा तिथं आला की पत्र्याला लागे आणि आवाज होई. खट्. दर फेरीला एकदा खट्. बाबा म्हणाले, दुरुस्त करून आणतो. मी म्हटलं, राहू द्या, घंटी तर वाजतच नाही, हिचंच काम होईल.

शिकवणार कोण? बाबांना दुकान सुटत नव्हतं आणि माझ्या मैत्रिणींपैकी एकीलाही सायकल येत नव्हती. शेवटी आईच काष्टा खोचून उभी राहिली. तिनं जन्मात सायकलीला हात लावला नव्हता. "पाय चालवाचं काम तुहं. पडू नाई द्याचं काम माहं," ती म्हणाली आणि कॅरिअर धरून धावू लागली. दुकानामागच्या कापलेल्या बांधीत आम्ही दोघी किती वेळा पडलो याला गणती नाही. धसकटांनी पोटऱ्या ओरबाडल्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहिलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. आई त्यांना ओरडून सांगायची, "हासा, हासा! माही पोरगी पगार आनन, तवा या च्या प्याले!" एका सकाळी मी न पडता धुऱ्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. आई तणसावर बसून धापा टाकत होती. दम परत आल्यावर म्हणाली, "मले बी बसव एकदा मांगं." तिला कॅरिअरवर बसवून मी बांधीभर फिरवलं. ती भीतीनं माझ्या पाठीला चिकटली होती आणि हसत होती. त्या हंगामातलं ते आमचं शेवटचं निर्धास्त हसू.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत निघाले. हमरस्त्याचा तुकडा संपला, कच्ची वाट लागली, आणि धुक्यानं मला आत घेतलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. समोर चाकापुढची दोन हात माती दिसायची, बाकी सगळं पांढरं. धान कापून त्याचे पुंजणे बांध्यांमध्ये रचून ठेवलेले असत. धुक्यात ते ढीग ढीग वाटत नाहीत. घोंगडी पांघरून बसलेली माणसं वाटतात, आणि आपण जवळून गेलो की मान वळवून पाहतील असं वाटतं. तलावाच्या बाजूनं सारसाची जोडी ओरडायची. तो आवाज ज्यानं धुक्यात ऐकला नाही त्याला कसा सांगावा? कोणीतरी खूप मोठ्यानं काहीतरी विचारावं आणि दुसऱ्यानं लगेच नाही म्हणावं, तसा तो आवाज.

पारीच्या अलीकडे चार-सहा घरांची एक टोली होती. तिथून जाताना पहिल्याच दिवशी एक दार उघडलं. उंबऱ्यात एक बाई उभी राहिली, कंदील वर धरून. तिनं माझ्याकडे पाहिलं, कंदील खाली घेतला आणि दार लावून घेतलं. त्याच वेळी कुठूनसा एक तांबडा कुत्रा आला आणि माझ्या चाकाशेजारी धावू लागला. भुंकला नाही. जुन्या ओळखीचा असावा तसा मुकाट धावत राहिला. पारीवर एक मोहाचं झाड आहे. तिथं आल्यावर तो थांबला, पाण्याकडे तोंड करून कुईकुई करू लागला, आणि माझ्यामागे एक पाऊलही पुढे आला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. दार, कंदील, कुत्रा, मोहाचं झाड. एकदा शेकोटीपाशी बसलेला एक म्हातारा धुक्यातूनच म्हणाला, "लय दिवसानं आल्या सिस्टरबाई!" मी म्हटलं, "मी शाळेतली आहे, बाबाजी." मी पुढे गेल्यावर मला ऐकू आलं, तो कोणाला तरी सांगत होता, "आवाज तं तोच हाये."

त्या काळी गावात मोजक्या सायकली असत आणि प्रत्येकीचा स्वतःचा आवाज असे. घरात बसलेल्या बाईला ओट्यावर न येता कळे, की आता पोस्टमन गेला, आता दूधवाला. तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. जुनी सायकल घेताना माणूस तिचं लोखंड विकत घेतो, रबर घेतो. तिचा आवाज कानात साठवून बसलेली माणसंही तिच्याबरोबर आपल्याकडे येतात.

आठवडा झाल्यावर मी धीर केला. परत येताना, उन्हाच्या वेळी, त्या घरापुढे उतरले. अंगणात एक म्हातारी सूप पाखडत होती. सायत्राबाई तिचं नाव. मी विचारलं, "तुम्ही रोज दार कायले उघडता? माझ्याकडे काही काम आहे का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "दार मी नाई उघडत. माही सून उघडते. रेवता."

रेवता घरातून बाहेर आली. माझ्याच वयाची. दिवस भरत आलेले, चेहरा सुकलेला. ती माझ्याकडे न पाहता सायकलीकडे पाहत राहिली, मग जवळ येऊन तिनं त्या चेपलेल्या पत्र्यावर बोट ठेवलं.

"हे दवाखान्यातल्या सिस्टरबाईची सायकल हाये," ती म्हणाली. "मागच्या साली याच दिवसांत ते माह्या बाळंतपनाले निंगाली होती. मी आत पडली होती अन् आवाज आयकून राहिली होती. खट्, खट्. पार चढली, मले समजलं. मंग आवाज थांबला. मी वाट पाहून राहिली. थांबला तं थांबलाच."

पुढचं सायत्राबाईनं सांगितलं. पारीवर मोहाच्या झाडाखाली सायकल स्टँडवर नीट उभी होती, पिशवी आकड्याला तशीच. सिस्टर तलावात शिंगाड्याच्या वेलाखाली सापडली. ती का उतरली, पाण्याकडे का गेली, कोणालाच कळलं नाही. कोणी म्हणे पाय घसरला, कोणी म्हणे तिला हाक आली. "अन् आमचं लेकरू आलं अन् तसंच गेलं," म्हातारी म्हणाली. "ते आली असती तं वाचलं असतं का नाई, देवाले माहीत."

रेवताचं बोट अजून पत्र्यावरच होतं. "आता तुमी येता," ती मला म्हणाली. "सकाळी तो आवाज आला का माह्या पोटात कळ येते, बाई. एक आवाज, एक कळ. म्हून दार उघडतो. वाटते, आज तरी ते येईन."

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी सायकलीवर बसले नाही. हातात धरून चालत आले. प्रत्येक दगडाशी थांबले. तरी मनात एकच विचार होता, मुठींना माझे हात आहेत तिथं तिचे होते.

आईला सांगितल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. "वापस करून ये ते सायकल. मेलेल्या बाईची चीज घरात नोको."

"मग नोकरी?"

"गेली चुलीत!"

दुसरी लेडीज सायकल सगळ्या भंडाऱ्यात मिळेल की नाही, हे बाबांनाही माहीत होतं आणि आईलाही. मला ती शाळा हवी होती. तिथली पोरं नुकती कुठं माझ्या हाताखाली अक्षरं काढू लागली होती, आणि घरी बसले की माझं पुढचं सगळं आयुष्य दुसरेच ठरवणार, हे मला पुरतं कळत होतं. मी म्हटलं, "मी जाणार."

आई उठून आत गेली. हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आली. मला वाटलं, मला लावणार. तिनं सायकलीच्या मुठीला कुंकू लावलं, पदर डोक्यावर घेतला आणि कोणा थोरल्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, "बाई, तू बी कोनाची पोरगी होती. माह्या पोरीले सांभाळजो." मग माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी जात राहिले. दार उघडत राहिलं. आता मला दाराच्या पलीकडचं माहीत होतं, म्हणून टोली आली की मी पायडल मारणं बंद करी आणि जमेल तेवढी सायकल तशीच घरंगळू देई, आवाज होऊ नये म्हणून. पण तिथं चढ होता. दोन-तीनदा तरी पाय मारावाच लागे. खट्. आणि मला वाटे, आत ती आता पोट धरून बसली असेल.

मग एका सकाळी पारीवर, बरोबर मोहाच्या झाडापाशी, पायडल एकदम हलकं झालं. चैन पडली होती.

मी उतरले. धुकं इतकं दाट होतं की पाणी दिसत नव्हतं, फक्त त्याचा गारवा गालाला लागत होता. सायकल स्टँडवर लावली, पिशवी आकड्याला अडकवली, चेपलेल्या पत्र्याच्या आत बोटं घालून चैन कशीबशी चढवली. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे झाले. असे हात घेऊन शाळेत कसं जाणार? पोरांच्या पाट्यांना लावायचे होते ते. मी पाण्याकडे निघाले. ती उतरण चार पावलांची असेल. दगडावर हिरवं शेवाळ होतं. मी वाकले, बोटं पाण्यात घातली, आणि शिंगाड्याचा वेल मनगटाला लागला. नुसता लागला, वेल लागतो तसा. मागे झाडाखाली कुत्रा रडला.

मी मान वळवून वर पाहिलं. धुक्यात सायकल उभी होती. स्टँडवर, नीट. आकड्याला पिशवी.

सायत्राबाईनं सांगितलेलं चित्र शब्दाला शब्द समोर होतं, आणि मी पाण्यापाशी वाकलेली होते.

मी ओणव्यानं, हातापायांवर, दगड धरत वर आले. शाळेकडे गेले नाही, उलटी टोलीकडे आले. सायत्राबाई शेण गोळा करत होती. मी काही बोलायच्या आत तिची नजर माझ्या हातांवर गेली. ती बराच वेळ त्या काळ्या हातांकडे पाहत राहिली. मग मटकन खाली बसली.

"चैन पडली होती तिची," ती म्हणाली. "अवं माय! चैन पडली होती. हात धुवाले गेली ते. बाळंतिनीले हात लावाचा होता तिले. काळे हात घेऊन कशी येईन ते घरात?"

वर्षभर कोणालाच न उलगडलेलं कारण माझ्या दोन हातांवर लिहिलेलं होतं. रेवता दारात उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही. तिचा नवरा सोमा गोठ्यातून पाना घेऊन आला. "बाई, हे कव्हर काढून टाकू काय?" त्यानं मला हात जोडून विचारलं. "चैन बी अटकनार नाई अन् आवाज बी होनार नाई. हिचे हाल आता पाहवत नाई माह्याच्यानं." मी मान हलवली. त्यानं कव्हर काढलं आणि गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलं.

त्यानंतरच्या सकाळी मी अगदी मुकी होऊन जाऊ लागले. दार उघडत नसे. कुत्रा येत नसे. आवाज गेला तसं सगळं सोपं व्हायला हवं होतं. पण आवाजाबरोबर निदान माझा मलाच पत्ता लागत होता. आता धुक्यात मी आहे की नाही, हेच कळेनासं झालं. पुंजण्यांमधून जाताना मला वाटे, आज यांनी मान वळवली तरी यांना काही दिसणार नाही. एकदा परत येताना रेवता अंगणात भेटली. म्हणाली, "बाई, आवाज नाई तं हे बी हालत नाई," आणि तिनं पोटावर हात ठेवला. मी म्हटलं, असं काही नसतं.

काही वर्षांमागे मी ह्यांच्याबरोबर गाडीनं त्या रस्त्यानं गेले होते. पार आता रुंद केली आहे, डांबर आहे, विजेचे खांब आहेत. मोहाचं झाड नाही. मी काच खाली करून ऐकलं. गाडीचाच आवाज होता. ह्यांनी विचारलं, "उतरायचं का?" मी नको म्हटलं.

तर, कव्हर काढल्यानंतरच्या दिवसांतली ती एक सकाळ. धुकं तसंच होतं. टोलीपाशी आले तर वाटेतच सोमा उभा, डोळे लाल, मागे जुंपलेली बैलगाडी.

"बाई, रातपासून सुरू हाये. आता कळाच थांबल्या."

आत रेवता होती, सायत्राबाई होती, गावची सुईण होती. सुईण बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "भंडाऱ्याले न्या म्हनते हा. गाडीत हादरे बसन, वाटेतच काई होईन. कळा आल्या तं इथंच सुटन ते. पन कळाच येऊन नाई राहिल्या." तिनं माझ्या सायकलीकडे पाहिलं, चैनीकडे पाहिलं. "कव्हर कुठं हाये?"

आतून रेवताचा आवाज आला. तो तिचा वाटलाच नाही, इतका खोल होता. "आवाज करा. बाई, आवाज करा."

सोमानं धावत जाऊन गोठ्यातून कव्हर आणलं आणि दगडानं त्यावर ठोकलं. खट्. खट्. आतून ती म्हणाली, "हा नाई."

मग आम्ही ते कव्हर सायकलीला सुतळीनं बांधलं. घरालगत खळं होतं, सारवून गुळगुळीत केलेलं, मध्ये खांब, जिथं बैल धानावरून गोल फिरतात. मी सायकलीवर बसले आणि त्या खांबाभोवती फिरू लागले.

खट्.

आत काहीच झालं नाही. मी फिरत राहिले. खळ्याच्या कडेला धुक्याची भिंत होती. दर वळणाला मी तिच्यात जाई आणि बाहेर येई. खट्. खट्. तांबडा कुत्रा कुठूनसा येऊन खळ्याच्या कडेला बसला. आणि मग आतून रेवता ओरडली. पुढच्या खट्‌ला पुन्हा ओरडली. सुईणीचा आवाज आला, "आली! आली वो माय, चालू द्या, बाई, थांबू नका!"

मी थांबले नाही. मांड्या भरून आल्या, साडीचा काठ फाटला, घाम डोळ्यात उतरला. एका क्षणी मला वाटलं, पायडल माझ्या पायांच्या आधी खाली जातंय. मी ढकलत नव्हते, माझे पाय त्याच्यामागून जात होते. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी तोंडानं फक्त म्हणत होते, चला, चला, चला. कोणाला म्हणत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

ऊन धुक्यात मुरायला लागलं तेव्हा आतून लेकराचं रडणं आलं. बारीक, चिडकं, जिवंत.

सोमा होता तिथंच खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. मी उतरले. सायकल स्टँडवर लावली. सीटवर हात ठेवून उभी राहिले.

आवाज चालूच होता.

खट्. खळ्याच्या पलीकडून. खट्. मी माझ्या पायडलाकडे पाहिलं. ते हलत नव्हतं. सोमानं तोंडावरचे हात काढले. सायत्राबाई लेकराला कपड्यात गुंडाळून दाराशी आली होती, तीही होती तिथंच थबकली. कुत्रा कान टवकारून बसला होता आणि त्याचं तोंड आवाजाबरोबर हळूहळू फिरत होतं. खळ्याच्या कडेनं, कुंपणाच्या अंगानं, मग पारीच्या दिशेला. घाई नव्हती त्या आवाजाला. काम आटोपून निघालेल्या माणसासारखा तो लांब गेला. खट्. खट्. मग तलावावर सारस ओरडले, आणि त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही.

कोणीच कोणाला विचारलं नाही, तुला ऐकू आलं का म्हणून. विचारायची गरजच नव्हती.

"पोरगी हाये," सायत्राबाई म्हणाली, आणि लेकरू माझ्या हातात देऊ लागली. मी माझे तळवे आधी पाहिले. साडीला पुसले, पुन्हा पुसले, मगच घेतलं. गरम होती ती. धुक्यात इतकं गरम दुसरं काहीही नव्हतं.

त्या दिवशी शाळेत जायला मला उशीर झाला. त्याआधी सायत्राबाईनं मला सोडलं नाही. चुलीवर नव्या तांदळाचा भात शिजत होता. तिनं पळसाच्या पानांची पत्रावळ मांडली, वाफाळता भात वाढला, वर मीठ आणि तेलाची धार. "खा, बाई. सकाळपासून पोटात काई नाई तुमच्या." मी पहिला घास घेतला तेव्हा कळलं, मला किती भूक लागली होती.

ती मात्र बसली नाही. तिनं आणखी एक पत्रावळ घेतली, तेवढाच भात वाढला, तेवढंच तेल सोडलं. ती पत्रावळ आणि पाण्यानं भरलेला लोटा घेऊन ती अंगण ओलांडून पारीकडच्या कुंपणापाशी गेली. पत्रावळ खाली ठेवली. लोटा तिच्या शेजारी ठेवला. मग पदर सावरून, पाहुण्या बाईला घरात बोलवावं तितक्या मोकळ्या आवाजात तिनं धुक्याला सांगितलं,

"या, बाई. जेवून घ्या. हात इथंच धुवा. पान्यापाशी जाऊ नोका."